निराळी बैठक कधीं मांडावी?

साहित्याची एक सभा चालूं असतां बोलीकरितां तिच्यांतून निराळी बैठक काढावी किंवा नाहीं, हा वाद आमच्या झाडीपट्टींत अजून मिटलेला नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा हा मुलूख. येथील बोली ती झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं तिचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या द्वारें तिचीं स्वतंत्र संमेलनेंही भरूं लागलीं. तरी मराठीचें एक मोठें संमेलन असतांना हें दुसरें कशास, असें पुष्कळ सुशिक्षित घरांत विचारतात. इटियाडोहजवळच्या आमच्या लहानशा वाचनालयांतही हाच प्रश्न नुकताच निघाला. तो अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. दर चार माणसांनीं आपली चूल वेगळी मांडली तर पंगत बसावयाची कोठें, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु चूल वेगळी होते ती कशामुळें, हेंही त्याच वाचकांस ठाऊक असतें. १८७८ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें, तेव्हां त्यांनीं पत्रानें नकार कळविला. ज्या सभेंत आमच्या लोकांच्या सुखदुःखाचा विचारच नाहीं तिच्यांत मिसळून काय करावयाचें, असा त्या पत्राचा आशय. पुढें १९५८ सालीं मुंबईस दलित साहित्याचें पहिलें संमेलन भरलें व त्याचें उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनीं केलें. त्यावेळींही फुटीची भीति बोलून दाखविणारे असतीलच. पण १९८४ सालीं जळगांवच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात झाले. निराळ्या बैठकीनें मोठी सभा मोडली नाहीं. उलट तिच्यांत येऊन बसणारीं माणसें वाढलीं.

खुद्द मराठीचेंच पहा. तेराव्या शतकांत महानुभावांतील केशोबास संस्कृतांत ग्रंथ रचूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस अडविलें. पंथांतील वृद्ध स्त्रियांस तें कळणार नाहीं व त्या वंचित होतील, एवढेंच कारण. संस्कृतावर आमचा जीव आहे. तरी आचार्यांचा निर्णय आम्हांस योग्यच वाटतो.

आतां आमच्या वर्गांतली गोष्ट. झाडीबोलींत ळकाराचा रकार होतो. डोळा तो 'डोरा', काळा तो 'कारा'. नवीन बदलून आलेल्या मास्तरांस व शहरी मुलांस याचें हंसूं येतें. वास्तविक र आणि ल यांचा अभेद आमच्या वैयाकरणांनीं केव्हांच मान्य केला आहे. 'रोम' आणि 'लोम' हे दोन्ही शब्द संस्कृतांत शुद्ध. मग ळ आणि र यांनींच काय अपराध केला? पण एकदां ज्यास हंसलें तो मुलगा उत्तर येत असूनही पुन्हां हात वर करीत नाहीं. तोच मुलगा दिवाळीनंतरच्या मंडईंत दंडारीला उभा राहिला म्हणजे रात्रभर न अडखळतां बोलतो. मुलगा तोच, जीभ तीच. ऐकणारे तेवढे बदलले.

म्हणून आमच्या मतें पाहावयाचें तें इतकेंच, कीं चालू सभेंत कोणी गप्प बसला आहे काय? कोणी गप्प नसेल तर निराळी बैठक म्हणजे नुसती हौस. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचें पाणी आमच्या धानाच्या बांध्यांस मिळतें. मुख्य कालव्याचें पाणी जेथें चढत नाहीं तेथें निराळा पाट काढावाच लागतो. पण काढल्यावर दरसाल गाळ उपसावयास कोणी आलें नाहीं, तर त्यांत बेशरमाचीं झुडपें माजतात. पहिल्या दिवशीं हारतुरे व तिसऱ्या महिन्यांत कुलूप, अशा संस्था आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणखी एक धोका आहे, आणि तो अधिक सूक्ष्म. निराळी बैठक झाली, कीं 'तुमचें तें तिकडे सांगा' असें म्हणण्याची मोठ्या सभेस सोय होते. घरांतल्या आजीबाईंस स्वतंत्र खोली दिली आणि मग तिकडे कोणी फिरकलेंच नाहीं, तसा हा प्रकार. यासाठीं बोलीच्या बैठकीस प्रमाण मराठीवाल्यांनीं श्रोते म्हणून तरी जाऊन बसलें पाहिजे.

आमच्या वाचनालयांत तूर्त असें ठरलें आहे कीं, कार्तिकापासून चैत्रापर्यंत मासिक बैठकीचा शेवटचा तास झाडीबोलीचा असावा. रोवणीच्या दिवसांत कोणास सवड नसते, म्हणून हे महिने. त्या तासांत किती माणसें आलीं याची नोंद ठेवावयाची नाहीं. पूर्वी कधीं न बोललेलीं कितीजणें बोललीं, आणि त्यांत बायका किती, एवढीच ठेवावयाची. चैत्रांत ती वही उघडून स्वतंत्र बैठकीचा निर्णय घ्यावयाचा आहे.