सिकलसेल आणि ‘अडगळ’



‘सिकलसेल म्हणजे जनुकातल्या एका अक्षराची चूक, प्रथिनं न बनवणारा डीएनए निव्वळ अडगळ,’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान अर्धंच खरं. सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने सहसा ठणठणीत असतं, कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. पुढे बीसीएल11ए नावाचा घटक ते दाबतो, आणि तांबड्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत त्याला चेतवतो तो याच अडगळीतला तुकडा! 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेला कॅसजेव्ही उपचार तोच तुकडा निकामी करून गर्भ-हिमोग्लोबिन वाढवतो. चुकीच्या अक्षराला हातही लावत नाही. ती चूक ज्यात असते, त्या बीटा-ग्लोबिन जनुकाचं मुख्य नियंत्रणही हजारो अक्षरं दूर, अडगळीतच असतं. क्रोमॅटिनचा, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा, फास वळला की ते जनुकाला भिडतं.

हा उपचार आपल्याकडे कुणाला परवडणार? पण हायड्रॉक्सीयुरिया ही स्वस्त गोळीही तेच गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. तिच्यावर पत्रलेखकांनी एक ओळ तरी खर्चायला हवी होती.

– एक वाचक, लोधीखेडा (ता. सौंसर)