'अपरिचित' कोणाला?

मराठी प्रवासवर्णनात 'अपरिचित' हे विशेषण फार सहजपणे येते. ते कोणाच्या बाजूने वापरले आहे, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो. शहरातून निघालेल्या लेखकाला जे ठाऊक नाही ते अपरिचित, अशी अलिखित व्याख्या आपण जणू मान्यच केली आहे. कन्नडच्या परिसरात फिरल्यावर ही व्याख्या तपासून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

छत्रपती संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवरचे कन्नड शहरी प्रवाशाच्या लेखी वेरूळच्या पुढचा एक थांबा असतो. त्यापुढे घाट, आणि घाटाखाली चाळीसगाव व खानदेश. गौताळ्याचे जंगल, दरीतले धुके, शहरात न मिळणारी शांतता यांचा ठसा नवख्या मनावर उमटतोच आणि तो खोटा नसतो. अडचण पुढे सुरू होते. 'इथे काळ थांबला आहे' असे वाक्य लेखणीतून उतरते आणि शांतता म्हणजे रिकामेपण ठरते.

पण या डोंगरात काळ थांबलेला कधी नव्हताच. सातमाळ्याच्या रांगेतील पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या काळात कोरली जाऊ लागली. तिथल्या दानलेखांत पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव आहे, राजवैद्य मगिल आहे. आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याला ही दरी अपरिचित नव्हती. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे, आणि त्यात बाजारातील मालावरचे कर मठाला लावून दिल्याची नोंद आहे. आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखांपैकी एक अशा रीतीने या 'आडबाजूच्या' मुलखात, व्यापार आणि विद्या यांच्या व्यवहारातून उमटला आहे.

म्हणूनच एक विसंगती आम्हाला अस्वस्थ करते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोनाराचे नाव दगडावर टिकले. आजच्या प्रवासवर्णनात मात्र वाट दाखवणारा माणूस 'एक भोळा गावकरी' म्हणून येतो आणि निनावीच निघून जातो. धुक्याला परिच्छेद मिळतो, त्याच्या शेतातल्या मक्याला, कापसाला अर्धे वाक्यही मिळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये दरडी कोसळून कन्नडचा घाट बंद पडला. ज्यांचा माल, दवाखाना आणि नातीगोती या घाटावरून जातात त्यांना हा रस्ता 'निसर्गरम्य' एवढाच कसा दिसेल?

याचा अर्थ परक्याने लिहूच नये असा नाही. रोज पाहणाऱ्याची नजर सरावते आणि नवख्याला पुष्कळदा तेच दिसते जे त्याला दिसेनासे झालेले असते. परकेपणाचे हे मोल आम्ही नाकारत नाही. परंतु परकेपणा ही लेखनाची सुरुवात असावी, मुक्काम नव्हे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) आजही वाचवतो, कारण भटजी देखावे पाहायला निघालेले नव्हते. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या त्या माणसाला कोण भेटले, कोणी जेवू घातले, किती पैसे मिळाले आणि किती लुटले गेले, हे सारे महत्त्वाचे होते. गरज असली की माणूस माणसांकडे नीट पाहतो.

आपण विद्यार्थ्यांना प्रवासवर्णनाची 'वैशिष्ट्ये' शिकवतो : निसर्गचित्रण, चिंतनशीलता, शैली. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे आम्ही सुचवतो. या लेखनातले गाव, तिथल्या रहिवाशाने वाचले तर त्याला ओळखू येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर शैली कितीही रसाळ असो, त्या लेखकाचा प्रवास अजून व्हायचा आहे असेच म्हणावे लागेल.