रेवती राणी बघायला गेली नाही



गेल्या रविवारी अभिषेक-पूजा आटोपून आम्ही चौघीपाचजणी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. एकीने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा गावी मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आल्याचा व्हिडिओ होता. "बघा, पंचमकाळातही चमत्कार होतात," ती म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, तर लगेच विचारणा झाली, "काकू, तुमची श्रद्धा उडाली का?" मंदिरात वाद नको म्हणून गप्प बसले. उत्तर आज देते.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपुरात रेशीमबागेत बागेश्वरधामच्या बाबांचा दरबार भरला आणि श्याम मानवांनी त्यांना ३० लाखांचे आव्हान दिले. तेव्हा आपण जैन बायका घरी टीव्हीपुढे बसून हसलो होतो. लोक किती भोळे, म्हणालो होतो. दोनच महिन्यांनी आपली पाळी आली.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ तुम्हाला सांगायला नकोत. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, खालून कापड सरकते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या मूर्तीभोवती आपण काय केले? पूजेच्या वेळा वाटून घ्यायला दिगंबर-श्वेतांबरांना १९०५ मध्ये करार करावा लागला. तोही टिकला नाही. भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, १९२९ मध्ये तिथला निकाल आला, तरी संपले नाही. १९८१ मध्ये दाराला कुलूप लागले. सुमारे ४२ वर्षे भक्तांनी झरोक्यातून दर्शन घेतले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडले, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही पंथांचे लोक हातघाईवर आले.

मी दिगंबर घरातली आहे, पण हे कुणाच्या बाजूने लिहीत नाही. मूर्ती जमिनीपासून किती वर आहे हे मोजणाऱ्या आपण, स्वतः किती खाली आलो ते कधी मोजले का? ज्या पार्श्वनाथांनी कमठाचा उपसर्ग शांतपणे सोसला, त्यांच्याच दारात हाणामारी!

आता घरातले सांगते. माझ्या धाकट्या जावेला छातीत गाठ लागली. तिने मला सांगितले तेव्हा आठ महिने होऊन गेले होते. तोवर ती रोज गंधोदक लावत होती. "मैनासुंदरीने श्रीपालाचे कोड गंधोदकाने घालवले, मग माझी गाठ का नाही जाणार?" असे तिला कुणीतरी पटवले होते. डॉक्टर एवढेच म्हणाले, "लवकर यायला हवे होते." दीड वर्षात ती गेली. तिला पटवणारी बाई तेराव्याला येऊन म्हणाली, "भाव कमी पडला असेल." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मैनासुंदरीची कथा मी खोटी म्हणत नाही. पण तिचा पहिला अर्धा भाग आपण विसरतो. वडिलांनी विचारले, तू कुणाच्या कृपेने सुखात आहेस? ती म्हणाली, माझ्या कर्मामुळे. त्यासाठीच तिला कुष्ठरोग्याला दिले. कुणाच्या कृपेवर जगत नाही म्हणणारी ही मुलगी. तिच्या नावाने आपण कृपेची वाट बघत बसायचे?

आपला देव वीतराग आहे. तो कुणावर प्रसन्न होत नाही, कुणावर कोपत नाही. मग तो एकीची गाठ विरघळवतो आणि दुसरीची राहू देतो, हे कसे? असे मानणे म्हणजे देवाला पक्षपाती ठरवणे.

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब सुटत नाही. चमत्कारांच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहितात. बरी झालेली बाई गावोगाव सांगितली जाते. माझ्या जावेचे नाव कुठल्या वहीत आहे? नावेची बाजू कोरी ठेवून ताळेबंद जुळवला, तर परीक्षेतसुद्धा शून्य मिळते.

"म्हणजे शास्त्रातले अतिशय खोटे का?" असे कुणी विचारेल. तीर्थंकरांचे ३४ अतिशय शास्त्रात आहेत, मान्य. पण आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'च्या सुरुवातीलाच भगवंतांना सांगितले आहे की देवांचे येणे, आकाशात चालणे, चवऱ्या ढाळणे हे मायावी लोकांतही दिसते, म्हणून त्यावरून मी तुम्हाला थोर मानत नाही. हे कुणा नास्तिकाचे बोलणे नाही, आपल्या आचार्यांचे आहे.

आणि सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतले अमूढदृष्टी अंग आठवा. त्याचे उदाहरण कोण? मथुरेची रेवती राणी. क्षुल्लक चंद्रप्रभांनी विद्येच्या बळावर ब्रह्मा, विष्णू, शंकर उभे केले; शेवटी समवसरणासह पंचविसावा तीर्थंकर दाखवला. सारे गाव धावले, रेवती गेली नाही. तीर्थंकर चोवीसच, एवढे तिला ठाऊक होते. न जाणारी ती एकटी, आणि शास्त्राने नाव तिचेच ठेवले.

म्हणून माझे उत्तर असे: आजच्या काळात चमत्कार होतात की नाही, हा वाद मी घालतच नाही. झाले तरी माझी श्रद्धा त्यांच्यावर उभी नाही आणि न झाले तरी ती पडणार नाही. गंधोदक मी आजही रोज मस्तकी लावते. पण साठीनंतर दर वर्षी तपासणीही करून घेते, आणि सुनेलाही नेते.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. आणि कुणी छातीतल्या गाठीबद्दल हळूच बोलली, तर तिला विधान सांगण्याआधी रिक्षात बसवा आणि डॉक्टरकडे न्या. विधान नंतर सगळ्या मिळून करू, मीही येईन.