नुसतं मुरगळलं म्हणू नका

पावसाळ्यात तुंगार्ली धरणाकडे शेवाळलेल्या दगडावर पाय सटकला की हात आपसूक पुढे जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. उतारवयात बहुधा मनगटालगतचं हाड मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेलं हेच ते फ्रॅक्चर. हात वाकडा दिसतो, म्हणून उपचार तरी होतात. तरुणांचं स्कॅफॉइड मात्र फसवं. मनगटातल्या ८ हाडांपैकी हे एक. रक्तपुरवठा बेताचा, आणि पहिल्या एक्स-रेत भेग कधी कधी दिसतच नाही. मग हळदीचा लेप, क्रेप बँडेज आणि सोमवारी ऑफिस! न जुळलेलं हाड पुढे सांधाच झिजवतं. अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी हाताला आधार बांधून ठेवा आणि दहा-बारा दिवसांनी अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.