मधले दोन दिवस

दिवाळीला दीड महिना उरला असताना इचलकरंजीतील एका कापड-पेढीने घरबसल्या साडीविक्री सुरू करण्याचे ठरविले. ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे स्वीकारून ते पेढीस पोहोचविणाऱ्या तीन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. चिरंजीवांनी सर्वांत कमी दर सांगणारी कंपनी पसंत केली. गादीवरील वृद्ध काकांनी मात्र एकच विचारले, "ग्राहकाने आज दिलेले पैसे आपल्याकडे परवा येणार. मधले दोन दिवस ते कोणाच्या खात्यात राहतात?" प्रतिनिधी निरुत्तर झाला.

दराच्या घासाघिशीत हा प्रश्न सहसा हरवतो. दहा लाखांच्या विक्रीवर पाव टक्क्याचा फरक म्हणजे अडीच हजार रुपये. सणाच्या दोन दिवसांची विक्री अडकली, तर मात्र मुद्दलच अडकते आणि मालवाल्यांची देणी थकतात.

मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी नियम घालून दिले. व्यापाऱ्याचे पैसे काही काळ आपल्याकडे ठेवणारी कंपनी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. बँकेतर कंपनीला या कामासाठी रिझर्व्ह बँकेची अधिकृत मान्यता लागते. अर्ज करताना तिचे नक्त मूल्य किमान 15 कोटी असावे आणि पुढे ते 25 कोटींवर जावे, अशी अट आहे. गोळा झालेली रक्कम तिने शेड्युल्ड व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात, स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावयाची असते. केवळ तंत्रज्ञान पुरविणारी पेमेंट गेटवे कंपनी पैशांना हात लावीत नाही; म्हणून तिला ही मान्यता लागत नाही. काही विक्रेते गेटवेचे नाव सांगून अ‍ॅग्रिगेटरचे काम करतात, तेथे सावध राहावे.

नियम असले तरी कागद तपासावाच लागतो. जर्मनीतील वायरकार्ड ही अशीच पैसे हाताळणारी कंपनी, 2018 पासून तेथील प्रमुख शेअर निर्देशांकात गणली गेलेली. तिचे 1.9 अब्ज युरो फिलिपाईन्समधील दोन बँकांत असल्याचे सांगितले जात होते. त्या बँकांनी कागदपत्रे बनावट असल्याचे कळविले आणि जून 2020 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार यांची गणना आहे : खोटे लेख करणे आणि विश्वासाने सोपविलेली ठेव बळकावणे. वायरकार्डच्या हकिकतीत दोहोंचे स्मरण होते.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी असते. तीत जाहिरातीतील नाव शोधू नये. करारपत्रावर सही करणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव शोधावे. 'तत्त्वतः मान्यता' आणि अंतिम मान्यता यांतही अंतर आहे. करारात रक्कम किती दिवसांत जमा होईल, कोणत्या कारणाने रोखून ठेवता येईल, ग्राहकाने तक्रार केल्यास कपात कशी होईल, ही कलमे बारीक अक्षरांत असतात आणि तीच आधी वाचावीत. तक्रारीसाठी नोडल अधिकारी नेमणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक सही करण्यापूर्वीच मागून घ्यावा. एवढी चौकशी प्रतिनिधीला रुचली नाही, तरी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पेढीवर चिरंजीवांनी यादी उघडली. स्वस्त दराच्या कंपनीचे नाव तीत सापडले. पण करारपत्रावर दुसऱ्याच एका कंपनीचे नाव होते आणि ते यादीत नव्हते. शेवटी थोड्या जास्त दराची, यादीतील कंपनी घेतली. काकांनी पहिल्या आठवड्यात दहाच साड्या ऑनलाइन विकू दिल्या, रोज बँकेचा उतारा मागविला आणि दहाव्या साडीचे पैसे वहीतील नोंदीशी जुळल्यावर उरलेला माल संकेतस्थळावर चढविण्यास सांगितले.