चिंधी बांधलेलं झुडूप

सासवडच्या अलीकडे आमचं सव्वा एकर रान आहे. त्याच्या ओढ्याकडच्या बांधावर आम्ही लावलेल्या पांढरफळीला यंदा पहिल्यांदा फळं आली. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठी, दुधाळ पांढरी फळं, काटेरी फांद्यांना दाटीनं लगडलेली. परवा सकाळी तिथं बुलबुलाची जोडी, दोन साळुंक्या आणि ठिपक्याठिपक्यांची एक कोकिळा एकाच वेळी दिसली आणि मी बांधावर बसूनच राहिले. हे बघायला सात वर्षं लागली. त्यातली चार वर्षं माझ्याच एका चुकीत गेली. ती चूक आज सविस्तर सांगणार आहे, कारण रानझुडपं लावायला निघालेली माणसं हल्ली भेटू लागली आहेत आणि त्यातली बरीचशी नेमकी तीच करताहेत.

झुडपं लावणारी माणसं भेटू लागली, याचाच मला आनंद आहे. आपल्याकडे लावायचं म्हटलं की झाडच लावायचं असतं. राज्य सरकारच्या वृक्षलागवडीचे आकडे आठवून पाहा. २०१६ साली उद्दिष्ट २ कोटींचं होतं, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ साली ३३ कोटी. या सगळ्या मोजणीत गवत आणि झाड यांच्या मधला मजला कुणी धरला होता? कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीचा तो मजला म्हणजे शिंपी, वटवट्या, सातभाई, बुलबुल यांचं घर. ससा दुपारी त्याच्याच बुडाशी पडून असतो, तितर पिलांना घेऊन तिथंच शिरतो, मुंगसाची ये-जा तिथूनच चालते. उंच झाडाच्या शेंड्यावर घारीनं घरटं करावं. मूठभर पाखराला मात्र काटेरी, दाट जाळीच हवी.

ही जाळी पूर्वी बांधांवर आपोआप असायची. मग बांध अरुंद होत गेले, उन्हाळ्यात ते पेटवायची सवय लागली, जेसीबी आला आणि तासाभरात बांधाची पाटी कोरी करून देऊ लागला. झुडपात साप राहतात, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. पण उंदीर उभ्या पिकात असतात आणि साप उंदरांच्या मागे येतो. बांध साफ केल्यानं उंदीर काही कमी होत नाहीत. आमच्याही बांधावर आम्ही जमीन घेतली तेव्हा तारेचं कुंपण, घाणेरी आणि वाळलेलं गवत याखेरीज काही उरलं नव्हतं.

मी रोपवाटिकांमधून हिंडले. पांढरफळी, निर्गुडी, धायटी मागितली की समोर डुरांटा आणि अकॅलिफा यायचे. एका ठिकाणी मला तोंडावर सांगितलं की रस्त्याकडेला फुकट उगवतं ते आम्ही पिशवीत कशाला भरू? ते वाक्य तेव्हा फार लागलं. पण विचार केल्यावर पटलंही. रस्त्याकडेला फुकट उगवतंय, तर तिथूनच घ्यावं.

काडी लावायला मला शेजारच्या मळ्यातल्या आबांनी शिकवलं. आबांची अंजिराची बाग आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथला शेतकरी अंजीर काडीवरूनच वाढवत आलेला आहे. हे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. आबांनी माझ्या हातातली कोवळी, हिरवी फांदी बघितली आणि म्हणाले, “ताई, ही कुजणार. जरा जून बघा. वाकवली तर वाकली पाहिजे आणि जास्त वाकवली तर मोडली पाहिजे.”

तेव्हापासून काडी निवडण्याची माझी कसोटी तीच आहे. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीनचार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा आडवा. दोन कापांत असा फरक ठेवायचा, म्हणजे शेंडा कुठला आणि बूड कुठलं हे हातातल्या जुडीत विसरायला होत नाही. उलटी लावलेली काडी क्वचितच धरते. कारण कोंबात आणि कोवळ्या पानात तयार होणारं ऑक्सिन हे द्रव्य शेंड्याकडून बुडाकडे उतरत जातं, बुडाशी साचतं आणि तिथं मुळ्या फुटायला लावतं. दुकानातली मुळ्या फुटण्याची पावडर म्हणजे माणसानं बनवलेलं त्याच जातीचं द्रव्य. निर्गुडीला तिची गरजच पडत नाही. अडुळशालाही नाही. पांढरफळीला लावली तर बरं.

वाळू आणि पोयटा निम्मं-निम्मं, दोन डोळे मातीत, पानं असतील तर अर्धी कापून टाकायची, पिशव्या सावलीत, माती ओलसर पण चिखल नाही. रोहिणीचे वळीव पडून मृग लागेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पंधरवड्यात डोळे फुटून हिरवी पानं येतात आणि नवशिका फसतो तो इथेच. ही पानं काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात, खाली मुळी असतेच असं नाही. मी पहिल्या वर्षी अशी हिरवीगार दिसणारी पिशवी थेट बांधावर नेऊन लावली आणि आठवड्यात काडी वाळली. दीड-दोन महिने हात लावू नये. पिशवीच्या तळाशी पांढऱ्या मुळ्या डोकावल्या की मगच जागा दाखवावी.

पुढच्या वर्षी मात्र साधलं. गावाच्या वळणावर पांढरफळीचं एक डौलदार झुडूप होतं, फुलोऱ्यात आलं की मधमाश्यांनी नुसतं घुमायचं. रस्ता रुंद करताना ते जाणार हे कळलं म्हणून मालकांना विचारून मी त्याच्या चाळीस काड्या आणल्या. एकतीस धरल्या. सगळ्या बांधावर लागल्या, शेळ्यामेंढ्यांनी खाऊ नयेत म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्यांनी झाकल्या, तिसऱ्या वर्षी छातीएवढ्या झाल्या. फुलल्या. मधमाश्या आल्या. आणि फळ एकही धरलं नाही. मी पाणी वाढवलं, शेणखत घातलं, दुसऱ्या वर्षीही तेच. शेवटी वनस्पतिशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण आली, तिनं भिंगातून फुलं पाहिली आणि एकामागून एक एकतीस झुडपं तपासून म्हणाली, “अगं, हे सगळे नर आहेत.”

पांढरफळीत नर आणि मादी झुडपं वेगळी असतात. मला ते माहीत नव्हतं. काडीतून येतं ते मूळ झुडपाचं मूल नव्हे, ते मूळ झुडूपच असतं. चाळीस काड्या लावल्या म्हणजे मी चाळीस झुडपं लावली नव्हती, एकच झुडूप चाळीस ठिकाणी लावलं होतं. आबांना हे ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडचं अंजीर परागीभवनाशिवायच फळतं, तिथं नर-मादीचा प्रश्नच येत नाही. शेतीत काडीचा हाच गुण हवा असतो. जे झाड गोड, त्याचीच हुबेहूब नक्कल. रानासाठी लावताना तोच गुण घातक ठरतो.

नर-मादी वेगळी नसली, तरी धोका असतोच. एकाच निर्गुडीच्या शंभर काड्यांना एकच कीड, एकच रोग, एकच दुष्काळ सारखाच भोवणार. म्हणून आता मी कुठलंही झुडूप दहाबारा ठिकाणांहून घेते, एका झुडपाच्या तीनचारपेक्षा जास्त काड्या घेत नाही, आणि सगळ्या चालत किंवा फार तर दुचाकीवर जाता येईल एवढ्या अंतरातल्या. इथल्या उन्हाला आणि इथल्या मुरमाला सरावलेल्या. अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या हद्दीतून तर एक पानही आणायचं नाही. रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडा छाटल्या जातात तेव्हा जे पडतं, त्यात एका गावाला पुरेल एवढं बेणं असतं. आणि जे बियांवरून सहज येतं ते बियांवरूनच करावं. तरवडाच्या शेंगा हातात असताना त्याच्या काड्यांमागे का लागायचं? बीतून येणारं प्रत्येक रोप वेगळं असतं, ते रानाच्या भल्याचंच आहे.

काडी सहज धरते एवढ्याच गुणावर झुडूप निवडलं तर काय होतं, ते पुण्याच्या टेकड्यांवर दिसतं. मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प, आपली उंदीरमारी, तिथं वर्षानुवर्षं लावली गेली, कारण नुसती फांदी रोवली तरी ती जगते आणि गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत. शेताला हिरवळीचं खत म्हणून ती उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. पण टेकडीवर तिचंच रान झालं की खाली धायटी उरत नाही, आणि धायटी गेली की जानेवारीपासून तिच्या लाल फुलांवर येणारे शिंजीरही तिथं दिसेनासे होतात. गुरं खात नाहीत हाच निकष असेल, तर निर्गुडी आणि अडुळसा आपल्या मातीतलेच आहेत. आमच्या भागात मेंढ्यांचे कळप बांधाबांधानं जातात आणि निर्गुडीला तोंड लावत नाहीत. तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांवर मधमाश्या असतात, अडुळशाच्या पांढऱ्या फुलांत मोठे काळे भुंगे शिरतात. ही दोन झुडपं कुणीही, अगदी पहिल्याच प्रयत्नात, उभी करू शकेल.

घाणेरीबद्दलही सांगायला हवं, कारण उत्साही मंडळी आधी तिच्यावर कोयता चालवतात. ती परकी आहे आणि ती काढायलाच हवी. पण जिथं दुसरं काहीच उरलेलं नाही तिथं बुलबुल आज घरटं तिच्यातच करतोय. एका रविवारी सगळी घाणेरी उपटून फोटो काढणं म्हणजे त्याचं घर पाडणं. आम्ही आधी मधल्या फटीत निर्गुडी लावली, ती डोक्यावर गेल्यावर शेजारची घाणेरी मुळासकट काढली, मग पुढचा टप्पा. चार वर्षं लागली, पण बांध एकही हंगाम उघडा पडला नाही.

आणि मोकळ्या माळावर काहीही लावू नये. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतो तो उघड्या गवतावर. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. झुडपांची जागा बांधावर, ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला, घराच्या कुंपणात.

नर पांढरफळी मी उपटल्या नाहीत. त्यांच्यामध्ये फटी पाडल्या आणि त्यांत नऊ वेगवेगळ्या फळणाऱ्या झुडपांच्या काड्या लावल्या. आज बांधावर जी फळं आहेत ती त्यांना आलेली आहेत, आणि त्यांना लागणारे पराग त्या एकतीस झुडपांचेच.

म्हणून आत्ता, घटस्थापनेच्या तोंडावर, हे लिहिते आहे. काडी लावायची ती जूनमध्ये, पण जूनमध्ये झुडपावर फळ नसतं आणि कुठलं काय ते ओळखू येत नाही. फळं आत्ता दिसताहेत. सुट्टीच्या दिवशी आपल्या गावाच्या कडेनं एक फेरी मारा. फळांनी लगडलेली पांढरफळीची सात-आठ झुडपं शोधा आणि प्रत्येकाला लाल चिंधी बांधा. फळ नसलेली दोनचार त्याच जातीची दिसली, तर त्यांना पांढरी चिंधी बांधा, तीही लागणार आहेत. ज्यांच्या बांधावर असतील त्यांना सांगून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात पेटवताना तेवढी वाचतील.