पाणी उतरलेली सुरी

‘पाणीदार’, ‘पाणी जोखणे’, ‘पाणी उतरणे’ हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. यांतले शेवटचे मी स्वतःच्या हाताने एकदा करून ठेवले आहे, हे मात्र मुलांना कधी सांगितले नाही.

माझे आजोळ वाघोटणच्या खाडीकाठी. मामांकडे त्यांच्या वडिलांची एक सुरी होती. पाच इंची पाते, त्यावर ‘शेफील्ड’ अशी इंग्रजी अक्षरे आणि सांबरशिंगाची मूठ. शेफील्डचे कारागीर मुठींसाठी सांबरशिंगे हिंदुस्थानातूनही मागवीत. तेव्हा ते शिंग विलायत पाहून माहेरी परतलेले असावे! रानडुक्कर सोलायचे ते याच सुरीने आणि गरीला लागलेली तांबोशी साफ करायची तीही हिनेच. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला नि मामांची शिकार थांबली. मासे तेवढे राहिले.

सतरा वर्षांचा असताना मी ती सुरी कुणाला न विचारता बाजारातल्या धारवाल्याकडे नेली. चाक गरगरले, ठिणग्या उडाल्या, मी खूश! मामांनी ती उजेडात धरली. टोकाशी निळी झाक होती.

“पाणी उतरवलंस की रे तिचं,” एवढेच म्हणाले. सुरी माळ्यावर गेली. मला ते चार शिव्या देते तर बरे झाले असते.

लोहार पाते लाल तापवून विझवतो, ते काचेसारखे कडक होते. मग पुन्हा बेताने तापवून त्याला चिवटपणा आणतो. हेच पाणी देणे. पुढे कोरड्या चाकावर ते ३०० अंशांच्या घरात तापले की निळे पडते. तेवढा भाग मऊ होतो आणि धार धरीत नाही. हे कळायला मला बरीच वर्षे लागली. शब्दकोशात सारे होते म्हणा!

गेल्या मे महिन्यात माळ्यावर चढलो. मूठ उंदरांनी कुरतडलेली, पाते तांबूस. “विळी आहे की घरात. हिचं काय करायचंय आता?” मामी म्हणाली. शहाऐंशी वर्षांचे मामा झोपाळ्यावरून बघत होते, बोलले नाहीत.

दोन दिवस पाते रॉकेलमध्ये ठेवले. मग बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासले. गंजाचे खोल खड्डे तसेच राहू दिले. ते काढायचे तर पातेच उरले नसते. निळे टोक मात्र घालवणे भाग होते. चाकाचे नाव काढायची सोय नव्हती! ओल्या दगडावर, हाताने, रोज थोडे थोडे. आठवडा गेला आणि पाते अर्धा इंच आखूड झाले. सुताराने शिसवीची मूठ पितळी खिळ्यांनी बसवून दिली. तिला जवसाचे तेल पाजले. धार लावताना पाते दगडाशी साधारण वीस अंशांवर धरायचे. एका बाजूची बारीक कड दुसरीकडे वळलेली बोटाला लागली, की बाजू बदलायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, वस्तऱ्यासारखे.

त्या सकाळी तांबोशी मिळाली. विळीवर मासा फिरतो, सुरीखाली तो स्वस्थ पडून असतो. त्यामुळे मला जरा अवघडच गेले. मामा उठून आले. “आण इकडे.” हात कापत होता. त्यांनी कल्ल्यामागे पाते टेकवले आणि कण्यावरून शेपटीपर्यंत एकाच ओढीत नेले. आखूड टोकावर अंगठा फिरवून पाहिला.

“लिंबू लागू देऊ नकोस. काळी पडते.”

न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली त्याच शेफील्डात काढले. ही सुरी जुन्या जातीची. मी ती धुतली, कोरडी केली, खोबरेल लावले आणि सवयीने माळ्याच्या शिडीकडे वळलो.

“तिकडे कुठे?” मामा म्हणाले. “विळीच्या वरच्या फळीवर ठेव. उद्या भरती सकाळची आहे.”